सीमेवरची वस्ती

(मंडळाच्या गणेशोत्सवात सहाव्या दिवशी, सायंआरतीनंतर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर. वक्ते निवृत्त भूवैज्ञानिक आणि मंडळाचे जुने सभासद आहेत.)



आपल्या सांस्कृतिक चिटणिसांनी मला सांगितलं, "काका, या वर्षी पृथ्वीबद्दल काहीतरी सांगा. पण अर्ध्या तासात, आणि मुलांनाही कळेल असं." पृथ्वीचं वय सुमारे साडेचारशे कोटी वर्षं आणि मला मिळाली तीस मिनिटं. तेव्हा मी आपल्या बाप्पाचीच युक्ती वापरणार आहे. कार्तिकेय मोरावर बसून पृथ्वीभोवती निघाला आणि गणपतीने आईवडिलांना प्रदक्षिणा घालून तेच पुण्य पदरात पाडून घेतलं. आपणही सगळ्या पृथ्वीभोवती न जाता फक्त आपल्या पायाखालच्या भूपट्टाची प्रदक्षिणा करू. तेवढ्यात सगळं येतं.

सुरुवात दोन रात्रींपासून करतो. १९८६ साली मी नोकरीनिमित्त डेहराडूनला आलो. २० ऑक्टोबर १९९१ च्या पहाटे तीनच्या सुमाराला कपाटातली भांडी वाजायला लागली. आम्ही मुलांना उचलून अंगणात आलो. सकाळी कळलं, केंद्र उत्तरकाशीकडे होतं. तीव्रता ६.८. साडेसातशेहून अधिक माणसं गेली.

दुसरी रात्र १९९३ ची. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. माझं आजोळ लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. गावोगावी विसर्जन करून दमलेली माणसं रात्री उशिरा झोपली आणि पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. तीव्रता ६.२. उत्तरकाशीपेक्षा लहान. पण तिथे आठ ते दहा हजार माणसं गेली. त्यात माझ्या आईच्या माहेरची चार होती.

मी भूवैज्ञानिक. लोक मला विचारत होते, "अहो, हिमालयात भूकंप होतात हे समजलं. पण आमच्या मराठवाड्यात कसा झाला? आणि लहान भूकंपात जास्त माणसं कशी गेली?" या दोन प्रश्नांची उत्तरं आज द्यायची आहेत. त्यासाठी आधी प्रदक्षिणा.

पृथ्वीचं बाहेरचं कठीण कवच अखंड नाही. ते सात मोठ्या आणि बऱ्याच लहान तुकड्यांचं बनलेलं आहे. या तुकड्यांना आपण भूपट्ट म्हणतो, बोलताना प्लेट म्हणतो. सरासरी शंभर किलोमीटर जाडीचे हे पट्ट खालच्या प्रावरणावर सरकत असतात. प्रावरण म्हणजे पातळ रस नव्हे, तो घन खडकच आहे. पण इतका तापलेला की लाखो वर्षांच्या हिशेबात तो संथपणे वाहतो. पट्ट हलतात ते मुख्यतः स्वतःच्या वजनाने. समुद्रतळाचा जुना, थंड झालेला, जड भाग खाली बुडतो आणि मागच्या पट्टाला ओढून नेतो, जशी टेबलावरून घसरणारी चादर आपली बाकीची चादर ओढून घेते.

वेग किती? आपल्या बोटांची नखं जितक्या वेगाने वाढतात, साधारण तितका. वर्षाला काही सेंटिमीटर. पुढच्या वेळी नखं कापाल तेव्हा लक्षात ठेवा, तेवढ्या काळात हिंदुस्थानही साधारण तेवढाच पुढे गेलेला असतो.

हे पट्ट एकमेकांना भेटतात तिथे तीनच गोष्टी घडू शकतात. ते एकमेकांपासून दूर जातात, एकमेकांवर येतात, किंवा एकमेकांना घासून शेजारून जातात. आपल्या भारतीय पट्टाचं वैशिष्ट्य असं की त्याच्या चार बाजूंना हे तिन्ही प्रकार सापडतात.

चला, नैर्ऋत्येपासून निघू. मुंबईहून अरबी समुद्रात खूप दूर गेलं की पाण्याखाली डोंगरांची एक लांब रांग लागते. तिथे आपला पट्ट आणि आफ्रिकेकडचा पट्ट एकमेकांपासून दूर जातात, वर्षाला दोन-तीन सेंटिमीटर. मधल्या फटीतून तप्त रस वर येतो, थिजतो आणि नवा समुद्रतळ तयार होतो. या रांगेचं नाव कार्ल्सबर्ग. काही मंडळी हसत आहेत. बरोबर ओळखलंत. डेन्मार्कच्या त्याच बिअर कंपनीशी जोडलेल्या प्रतिष्ठानाने १९२८ ते १९३० च्या समुद्रमोहिमेला पैसा दिला होता, म्हणून ते नाव. वर्गणी भरघोस दिली की नाव लागतं, हे आपल्या खजिनदारांना सांगायला नकोच.

पण गंमत बाजूला ठेवू. जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ साली खंड सरकतात असं मांडलं, तेव्हा बहुतेकांनी ते मानलं नाही, कारण ते कशाने सरकतात हे त्यांना दाखवता आलं नाही. १९३० साली ते ग्रीनलंडच्या बर्फात मरण पावले. पुढे १९६३ मध्ये व्हाइन आणि मॅथ्यूज या दोघा ब्रिटिश संशोधकांनी याच कार्ल्सबर्ग रांगेवरची चुंबकीय मोजमापं वापरून दाखवलं की समुद्रतळाच्या खडकात पट्ट्यापट्ट्यांनी जुन्या चुंबकीय दिशांची नोंद राहते. म्हणजे तळ मधोमध तयार होतो आणि दोन्हीकडे सरकत जातो. वेगेनर यांची बाजू खरी ठरायला आपल्या अरबी समुद्राकडच्या पाण्याचा हातभार लागला आहे.

आता पूर्वेकडे वळू. अंदमानच्या पश्चिमेला आपला समुद्रतळ शेजारच्या पट्टाखाली घुसतो. ही दुसऱ्या प्रकारची सीमा. बुडणाऱ्या तळाबरोबर पाणी खोल जातं, त्यामुळे वरचा खडक वितळतो आणि ज्वालामुखी तयार होतात. आपल्या देशातला एकमेव जागृत ज्वालामुखी, बॅरन बेट, याच कारणाने तिथे आहे. २६ डिसेंबर २००४ ला ही सीमा सुमात्रापासून अंदमानपर्यंत सुमारे तेराशे किलोमीटर लांबीत सुटली. तीव्रता ९.१. समुद्रतळ उचलला गेला, त्याबरोबर पाणी उचललं गेलं, आणि सव्वादोन लाखांच्या आसपास माणसं त्सुनामीत गेली. त्सुनामी हा शब्द आपल्या घराघरांत पोचला तो त्या दिवशी.

त्याच्या उत्तरेला म्यानमारमध्ये सगाइंग विभंग आहे. इथे पट्ट एकमेकांना घासून जातात. २८ मार्च २०२५ ला मंडालेजवळ ७.७ चा भूकंप झाला तो या विभंगावर. हजारएक किलोमीटर दूर बँकॉकमध्ये एक बांधकाम चालू असलेली बहुमजली इमारत कोसळली, ते दूरदर्शनवर आपण सगळ्यांनी पाहिलं. पश्चिमेला, पाकिस्तान-अफगाणिस्तानच्या बाजूला चमन विभंग आहे, तोही असाच घासणारा. १९३५ साली क्वेट्टा शहर उद्ध्वस्त झालं ते त्याच पट्ट्यात.

तीन बाजू झाल्या. चौथी बाजू उत्तरेची, आणि तिथे आपण स्वतःच राहतो.

आपल्या पट्टाची चाल एके काळी फार वेगवान होती. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो वर्षाला पंधरा सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त वेगाने उत्तरेकडे धावत होता. त्याच सुमाराला त्याच्या खालून लाव्हारस वर आला आणि थरांवर थर साचून आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण तयार झाला. ज्या तप्त जागेवरून हे घडलं ती आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे. मुंबईपासून साडेचार हजार किलोमीटरहून अधिक दूर. रायगडाचा पाषाण जिथे जन्मला, ती जागा मागे राहिली आणि रायगड आपल्याबरोबर इथवर आला. आपण नोकरीसाठी दीड हजार किलोमीटर आलो याचं काय कौतुक!

सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आपण आशियाला धडकलो. मधे टेथिस नावाचा समुद्र होता. त्याचा तळ खाली गेला आणि त्यातला गाळ उचलला गेला. तुमच्या देवघरातला गंडकीचा शाळिग्राम पाहा. त्यातलं चक्र म्हणजे त्या समुद्रात राहणाऱ्या अमोनाइट नावाच्या शंखधारी प्राण्याचा ठसा आहे. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा खडकही समुद्रात साचलेला चुनखडक आहे.

समुद्रतळ जड, म्हणून तो बुडतो. खंडाचा खडक हलका, तो सहजी बुडत नाही. मग काय होतं? ही इथली सतरंजी भिंतीकडे ढकलत न्या, तिला वळ्या पडतील. हिमालय म्हणजे त्या वळ्या, एकावर एक चढलेल्या. आपली इथली जागा नेमकी कुठे येते पाहा. दिल्लीच्या रस्त्याने डाटकालीचा बोगदा ओलांडून मोहंडला उतरलात की शिवालिकच्या पायथ्याशी हिमालयाचा सगळ्यात पुढचा विभंग आहे. उलट राजपूर रोडने वर मसुरीकडे निघालात की डोंगराच्या पायथ्याशी दुसरा मोठा विभंग आहे. या दोन्हींच्या मधली सपाटी म्हणजे आपलं दून खोरं. आणि दोन्ही विभंग खाली जाऊन उत्तरेकडे उतरणाऱ्या एकाच मोठ्या उताराला मिळतात. त्या उतारावरून भारत हिमालयाखाली शिरतो आहे.

शिरतो म्हणजे सरळ सरकत नाही, हेच महत्त्वाचं. भारत आशियाकडे वर्षाला पाच सेंटिमीटरच्या आसपास सरकतो. त्यातले सुमारे दोन सेंटिमीटर हिमालयाच्या वाट्याला येतात, बाकीचे तिबेट आणि पलीकडे वाटले जातात. पण हिमालयाच्या पुढच्या भागात, मोहंडपासून उत्तरेला सुमारे शंभर किलोमीटर, तो उतार घर्षणाने घट्ट अडकलेला आहे. घरातलं गोदरेजचं भरलेलं कपाट एकट्याने सरकवून पाहा. ढकलता, ढकलता, ते हलत नाही, तुमचे हात आणि पाठ ताणली जाते, आणि मग एकदम हातभर पुढे जातं. तो ताण खडकात साठणं म्हणजे शांततेची वर्षं, आणि ते एकदम सरकणं म्हणजे भूकंप.

आता हिशेब करू. १९०५ मध्ये कांगडा, १९३४ मध्ये बिहार-नेपाळ, १९५० मध्ये आसाम, २०१५ मध्ये नेपाळ. असे मोठे भूकंप या सीमेने दिले. कांगड्याच्या वेळी डेहराडून आणि मसुरीतही पडझड झाली होती. पण कांगडा आणि नेपाळ यांच्या मधे, म्हणजे आपल्या गढवाल-कुमाऊँमध्ये, शेवटचा मोठा भूकंप १८०३ सालचा. तेव्हापासून दोनशे वर्षांहून अधिक काळ झाला. वर्षाला दोन सेंटिमीटर, म्हणजे चार मीटरहून जास्त सरकणं बाकी आहे. १९९१ चा उत्तरकाशीचा आणि १९९९ चा चमोलीचा भूकंप यांनी त्यातलं अगदी थोडं फेडलं. तीव्रतेत एकाचा फरक म्हणजे ऊर्जेत सुमारे बत्तीस पटींचा फरक. त्यामुळे लहान भूकंप होऊन गेले, आता धोका टळला, असं समजू नये.

"मग कधी होणार?" हा प्रश्न येतोच. दिवस आणि वेळ कोणीही सांगू शकत नाही. मोबाइलवर तारखेसकट फिरणारे निरोप सरळ पुसून टाका. भूकंप सुरू झाल्यावर मात्र त्याच्या जलद लहरी आधी पोचतात आणि जास्त हलवणाऱ्या लहरी नंतर. या फरकाचा उपयोग करून काही सेकंदांचा इशारा देणारी यंत्रणा रुरकीच्या आयआयटीने उत्तराखंडासाठी उभी केली आहे. तेवढ्या सेकंदांत टेबलाखाली जाता येतं, गॅस बंद करता येतो. भिंत मजबूत करता येत नाही.

मागे एकदा याच सभागृहात एका काकूंनी मला विचारलं होतं, "मग आम्ही निवृत्तीनंतर गावी परत जावं का?" आता माझ्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. किल्लारी कुठल्याही सीमेवर नाही, पट्टाच्या मध्यावर आहे. पण सीमेवरची टक्कर पट्टाच्या अंगभर दाब पसरवते. आतली एखादी जुनी, झाकलेली भेग अशी असते की तिला तो दाब शेवटी सोसत नाही. तिथे असे भूकंप फार क्वचित होतात, पण होतात. म्हणून काकूंना मी म्हटलं, "जायचं तर नातवंडांसाठी जा, भूकंपाला भिऊन नको."

आणि दुसरा प्रश्न. किल्लारीचा भूकंप उथळ होता, गावं दाट होती, हे खरं. पण माणसं मारली ती भिंतींनी. मातीत रचलेले गोल दगड, दोन-दोन फूट जाडीच्या भिंती, वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात थंड राहणारी घरं. हलल्याबरोबर भिंतीचे आतबाहेरचे थर सुटले आणि झोपलेल्या माणसांवर माळवद आलं. उलट आपल्या यमुना खोऱ्यातली जुनी चार-पाच मजली घरं पाहा. दगडी भिंतीत थराथराने देवदाराची लाकडं अडकवलेली, कोपऱ्यात एकमेकांत गुंतवलेली. १९९१ च्या भूकंपातही अशी घरं उभी राहिली. ज्यांनी ती बांधली त्यांना भूपट्ट माहीत नव्हते. पण जमीन हलते हे ठाऊक होतं आणि घर एकत्र बांधून ठेवायचं एवढं ते विसरले नाहीत.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो, कारण सांगितल्याशिवाय पुढचं बोलण्याचा मला अधिकार नाही. २००० साली मी इथे घर बांधलं. खाली नुसते खांब, गाडी लावायला. वर दोन मजले. २६ जानेवारी २००१ ला भूजचा भूकंप झाला आणि दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत ज्या इमारती पडल्या, त्यांतल्या अनेक अशाच खाली मोकळ्या ठेवलेल्या होत्या. वर भिंतींमुळे घट्ट, खाली नुसते खांब. सगळा हेलकावा त्या खांबांवर येतो. वर्तमानपत्रातला फोटो पाहून आमच्या सौ. म्हणाल्या, "तुम्ही गावभर भूकंप शिकवता आणि आपलं घर काटक्यांवर उभं आहे." मी म्हटलं, "पुढच्या वर्षी बघू." ते पुढचं वर्ष चौदा वर्षांनी आलं. २०१५ ला नेपाळचा भूकंप झाला तेव्हा नातू माझ्या घरात पाळण्यात झोपला होता. दुसऱ्याच दिवशी मी अभियंत्याला फोन केला. काही खांबांच्या मधे काँक्रीटच्या भिंती घातल्या, उरलेल्या खांबांभोवती नवी सळई आणि काँक्रीट चढवलं. खर्च मुलीच्या लग्नातल्या जेवणावळीपेक्षा कमी आला. चौदा वर्षं मला पैशांनी अडवलं नव्हतं, आळसाने अडवलं होतं.

हे सांगण्याचं कारण आजच्या सभेत आहे. थोड्या वेळाने पावती पुस्तक फिरणार आहे, या सभागृहावर एक मजला चढवण्यासाठी. मजला हवाच आहे. बालवर्गाला जागा नाही, पाहुण्यांना उतरायला खोली नाही. पण ही खालची भिंत आपल्या आधीच्या पिढीने १९७८ साली विटांची बांधली, एका मजल्याच्या हिशेबाने. दाराखिडक्यांच्या वर चौफेर फिरणारा काँक्रीटचा पट्टा तिला आहे की नाही, हे आज कार्यकारिणीत कोणालाच माहीत नाही. कंबरपट्ट्यासारखा तो पट्टा चारही भिंतींना एकत्र धरून ठेवतो.

म्हणून माझी विनंती अशी. जमलेल्या वर्गणीतला पहिला खर्च भूकंपरोधक बांधकाम जाणणाऱ्या अभियंत्याकडून या इमारतीच्या तपासणीचा असावा. भारतीय मानक १८९३ प्रमाणे हिशेब मागावा. नवे खांब येतील तेव्हा त्यांच्या रिंगा जवळजवळ आहेत ना, आणि रिंगांची टोकं आत, १३५ अंशांत वळवलेली आहेत ना, हे काँक्रीट ओतण्यापूर्वी आपल्यातल्या दोघांनी उभं राहून पाहावं. काँक्रीट पडल्यावर ते कोणालाच दिसत नाही, भूकंपाला मात्र दिसतं. अभियंता नाही म्हणाला तर मजला थांबवावा. माझी पावती मी आधीच फाडली आहे, आणि तिच्यावर "तपासणीसाठी" असं लिहिलं आहे.

येत्या अनंत चतुर्दशीला विसर्जन करून आपण रात्री घरी जाऊ आणि दमून झोपू. किल्लारीची माणसंही तशीच झोपली होती. पट्ट त्याच्या गतीने सरकत राहणार, तो आपल्या ठरावाने थांबणार नाही. भिंत मात्र आपण बांधतो. बाप्पा दरवर्षी येतो, त्याला आणि त्याच्यापुढे बसणाऱ्या मुलांना डोक्यावर भक्कम छप्पर देणं एवढं आपल्या हातात आहे.



गणपती बाप्पा मोरया!